दर पावसाळ्यात परत येणारी बाथरूममधली बुरशी : जून ते ऑक्टोबर कामाच्या नोंदी

९ जून

आधी जागा कशी आहे ते सांगतो म्हणजे पुढचं समजेल. साधारण ५ बाय ८ फुटांचं बाथरूम, उंची ८ फूट. ७ फुटांपर्यंत टाइल्स, वर रंग. एक काचेच्या पट्ट्यांची खिडकी, ती शाफ्टमध्ये उघडते, त्याच खिडकीत वरच्या बाजूला जुना ६ इंची एक्झॉस्ट फॅन. सकाळी पाठोपाठ आंघोळी होतात. उन्हाळ्यात काही त्रास नाही, पाऊस सुरू झाला की काळे ठिपके हजर. दरवर्षी ब्लीच मारायचं, आठ-पंधरा दिवस पांढरंशुभ्र, मग परत तेच.

या वर्षी ठरवलं की फवारे नंतर, आधी पाणी कुठून येतं आणि किती वेळ टिकतं ते बघायचं. सगळ्या डागांचे फोटो काढून ठेवले. चार ठिकाणं निघाली: सिलिंगचा कोपरा, बेसिन आणि कट्ट्याभोवतीचं सिलिकॉन, शॉवरखालचे टाइल्सचे सांधे, आणि बेडरूमच्या सामायिक भिंतीचा वरचा पट्टा. जमिनीच्या सांध्यात गुलाबी चिकट थर पण आहे, तो बहुतेक वेळा बुरशी नसतो, बॅक्टेरिया असतात. घासला की लगेच जातो आणि तितक्याच लगेच परत येतो, त्यामुळे त्याला या कामात धरला नाही.

याशिवाय बेडरूमच्या बाजूने त्याच भिंतीला खाली, स्कर्टिंगच्या वर, पोपडे आलेत आणि पांढरा खार फुटलाय. तो प्रकार वेगळा वाटतोय.

१० जून

प्लास्टिकची चाचणी लावली. जाड पारदर्शक प्लास्टिकचे वहीच्या पानाएवढे तुकडे, चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दिवसभर ठेवायचे. प्लास्टिकच्या बाहेरून, म्हणजे खोलीच्या बाजूने, दव आलं तर हवेतलं पाणी. मागच्या बाजूने ओलं झालं तर पाणी भिंतीतून येतंय.

सिलिंगचा कोपरा आणि वरचा पट्टा: पुढून ओलं, मागून कोरडं. बेडरूमकडचे पोपडे: मागून ओलं. म्हणजे एकाच बाथरूममध्ये दोन वेगळे आजार आहेत, आणि इतकी वर्षं दोन्हींवर एकच औषध चाललं होतं. पाइप फुटलाय का बघायला रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवला, सकाळी तोच होता. म्हणजे दाबाखालचा पाइप गळत नाहीये, संशय जमिनीच्या सांध्यांवर.

१२ जून

हवेतली आर्द्रता मोजायचं स्वस्तातलं डिजिटल यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, आणलं. हे आकडे सरळ खरे धरू नका, आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंबथेंब पाणी घालायचं, मीठ ओलं रवाळ राहिलं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचं. आत ७५ टक्के आर्द्रता होते, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हा आकडा फारसा हलत नाही. माझं मीटर ७१ दाखवत होतं, म्हणजे चार मिळवायचे. ९० च्या वर ही मीटरं तशीही भरवशाची नसतात.

मग मोजमाप. हॉलमध्ये ८२. आंघोळी संपल्यावर बाथरूममध्ये ९५ च्या पुढे. खिडकी उघडी, फॅन चालू, बाहेर पाऊस. बाथरूमचा आकडा हॉलच्या पाचेक टक्के जवळ यायला दुपार उलटून गेली.

सगळीकडे लिहिलेलं असतं की घरातली आर्द्रता ६० च्या खाली ठेवा. बाहेरच ८५ असताना एक्झॉस्ट फॅनने ६० येणं शक्यच नाही, तो बाहेरचीच हवा फिरवणार. म्हणून ते ध्येय सोडलं आणि दुसरं घेतलं: आंघोळीनंतर भिंती हाताला कोरड्या लागायला किती वेळ लागतो, तेवढंच मोजायचं. बुरशीला सलग ओल लागते. मध्ये रोज नीट वाळवलं की तिचं जमत नाही.

१४ जून

थोडं गणित, कंटाळा येईल पण पुढचे सगळे निर्णय यावरून झाले. शॉवरचा कोपरा आणि जमीन मिळून साधारण १० चौरस मीटर रोज भिजतं. त्यावर सरासरी ०.१ मिलिमीटर पाण्याचा थर धरला तरी ते १ लिटर झालं. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. हवा आधीच ८५ टक्के भरलेली असेल तर जागा उरते फक्त ४ ग्रॅमची. म्हणजे १ लिटर पाणी उडवून न्यायला २५० घनमीटर हवा पाहिजे, आणि जुन्या फॅनने ताशी १०० घनमीटर खरोखर ओढली असं मानलं तरी अडीच तास. कोरड्या महिन्यांत हवा ५० टक्क्यांवर असते, तेव्हा प्रत्येक घनमीटर साडेतेरा ग्रॅम नेतो आणि तेच काम पाऊण तासात होतं.

उन्हाळ्यात बुरशी का येत नाही याचं उत्तर मिळालं. आणि हे पण कळलं की नुसता मोठा फॅन आणून भागणार नाही, पाणीच कमी करायला पाहिजे.

१५ ते १९ जून

वायपर. भिंतीचा छोटा, काचा पुसतात तसला रबरी पट्टीचा, शॉवरच्या शेजारीच हुकला अडकवलेला. शेवटची आंघोळ झाली की वरून खाली ओढायचा, मग जमिनीचं पाणी जाळीकडे. दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येकाने आपापल्या आंघोळीनंतर करावं असा नियम आधी काढला, तो कोणी पाळला नाही आणि त्यात त्यांचं काही चूक पण नाही, दहा मिनिटांत दुसरा येऊन परत भिजवणारच आहे. जो शेवटी जाईल त्याने करायचं, एवढाच नियम टिकला.

फॅन तोच, खिडकी तीच, तरी वाळायचा वेळ निम्म्यावर आला. या सगळ्या कामातली ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. रबर मात्र चांगलं बघून घ्या, कडक रबर पाण्याच्या रेघा सोडत जातं.

२० जून

आज फॅनची पाळी. टिश्यू पेपरचा एक पदर फॅनच्या जाळीला लावून बघायचा, चिकटून राहिला तर फॅन ओढतोय. आमचा पेपर सरळ खाली पडला. फॅनचा आवाज एवढा मोठा की कोणाला शंका आली नसती.

कारणं बघत गेलो तर तीन निघाली. पात्यांवर धूळ आणि ओल मिळून जाड थर बसलेला. बाहेरची झडप मागच्या रंगकामात रंगाने चिकटून बसलेली, अर्धीच उघडत होती. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे फॅनच्या खाली वीतभर अंतरावर खिडकी सताड उघडी. फॅन हवा त्या खिडकीतूनच आत घेत होता आणि परत बाहेर टाकत होता, शॉवरच्या कोपऱ्यातली हवा जागची हलत पण नव्हती. फॅन चालू असताना खिडकी बंद पाहिजे. हे घरात पटवून द्यायला वेळ लागला, कारण ओल आली की खिडकी उघडायची हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

खिडकी बंद केली तर हवा आत येणार कुठून? दाराखालून. आमचं दार जमिनीला जवळजवळ घासत होतं. सुताराकडून खालून २ सेंटिमीटर कापून घेतलं. लाकडी किंवा फ्लश डोअर असेल तर कापलेली कड लगेच प्रायमर आणि ऑइल पेंटने बंद करा, नाहीतर तिथून दार पाणी पिऊन फुगेल.

साफसफाई, मोकळी झडप, बंद खिडकी, कापलेलं दार. पेपर चिकटला. तरी पाती वाकडी होती म्हणून शेवटी फॅन बदललाच. ज्यांच्याकडे फॅनपासून बाहेरपर्यंत लांब पाइप आहे त्यांनी साधा पंख्यासारखा फॅन घेऊ नये, पाइपचा अडथळा आला की त्याची हवा झपाट्याने कमी होते, तिथे ब्लोअर प्रकारचा लागतो. आणि फॅनची हवा फॉल्स सिलिंगच्या पोकळीत सोडलेली असेल तर तो फॅन नसलेलाच बरा, बुरशी फक्त डोळ्याआड होते.

२५ जून

आर्द्रता बघून आपोआप चालू-बंद होणारा स्विच लावला होता, वाटलं की एकदाचं डोक्यातून जाईल. ६५ ला बंद होईल असं सेट केलं. तो बंदच झाला नाही. रात्रभर फॅन चालू, कारण बाहेरचीच हवा ८५ ची. सेटिंग ९० पर्यंत नेलं तर भिंती ओल्या असतानाच बंद व्हायला लागला. कोरड्या हवेच्या ठिकाणी हे यंत्र चालत असेल, इथे पैसे गेले.

त्याच्या जागी साधा टायमर. बटण दाबलं की ४५ मिनिटं फॅन, मग बंद. वायपरनंतर पाव लिटर पाणी उरतं असं धरलं तर ६०-६५ घनमीटर हवा लागते, त्यावरून ४५ काढले. प्रत्यक्षात कोपरे वाळायला तासाच्या आसपास लागतोय, म्हणून पावसाची झड असेल तेव्हा परत एकदा बटण दाबायचं. इलेक्ट्रॉनिक टायमर घेणार असाल तर स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. आमच्यात नव्हती, ती ओढून आणण्यात अर्धा दिवस गेला.

२९ जून

आता साफसफाई. मुद्दाम उशिरा घेतली, वाळायची सोय झाल्याशिवाय बुरशी काढणं म्हणजे तेच काम परत करायची तयारी.

कोरडी बुरशी ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसायचं. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. डागांचा पसारा चौरस मीटरपेक्षा मोठा असेल किंवा घरात दम्याचं कोणी असेल तर हे काम घरच्या घरी करू नये असं माझं मत.

टाइल्सवर पातळ ब्लीच, एक भाग ब्लीच दहा भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून धुतलं. टाइल गुळगुळीत असते तिथे ब्लीच काम करतं. पुट्टी, प्लास्टर, सिमेंटचं ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरतात ते) यांच्या आत ते शिरत नाही, वरचा रंग उडवतं आणि पाणी मात्र आत सोडतं. म्हणून आठ-पंधरा दिवसांचं पांढरंशुभ्र.

एक गोष्ट ठळक लिहितो: ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिडवालं क्लीनर एकत्र येऊ देऊ नका, व्हिनेगर पण नाही. क्लोरीन वायू होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर पण तसलाच विषारी प्रकार. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवायचं आणि दुसरं त्या दिवशी काढायचंच नाही. व्हिनेगर नैसर्गिक म्हणून बरेच जण सुचवतात, पण ते सिमेंट ग्राउट आणि संगमरवर खातं.

सिलिंगचा रंग आणि त्याखालची काळी पडलेली पुट्टी पार प्लास्टरपर्यंत खरवडून काढली. दिसायला भयंकर. तसंच ठेवलंय.

३ ते ५ जुलै

सिलिकॉन. काळा डाग सिलिकॉनच्या आत गेलेला असेल तर तो निघत नाही, ब्लीचमध्ये भिजवलेला टिश्यू रात्रभर ठेवायची युक्ती पण करून बघितली, वरवरचं गेलं, आतलं तसंच. कापून काढणं हाच उपाय. नवीन सिलिकॉन जुन्यावर धरत नाही त्यामुळे शेवटचा पापुद्रा पण ब्लेडने काढावा लागतो, त्यातच सकाळ गेली.

संध्याकाळी नवीन भरलं आणि दोन दिवसांनी बोटाने ओढलं तर अख्खी पट्टी दोरीसारखी हातात आली. खालची फट वरून कोरडी दिसत होती, आत ओलच होती.

८ जुलै

परत तेच काम, या वेळी फट उघडी ठेवून टेबल फॅन दोन दिवस तिच्याकडे तोंड करून लावला, आंघोळी दुसरीकडे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून भरलं. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवायची पद्धत सगळे सांगतात, पण साबण फटीत गेला की तिथे पकड बसत नाही, टेप लावली तर कोरडं बोट किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. ट्यूबवर ‘सॅनिटरी’ लिहिलेलं घ्या, त्यात बुरशीनाशक असतं, साधारण कामाच्या सिलिकॉनमध्ये ते नसतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगड आणि धातूला चालत नाही, तिथे न्यूट्रल लागतं. २४ तास पाणी नाही. जाड भरलं असेल तर अजून थांबा, ते बाहेरून आत हळूहळू पक्कं होत जातं.

१३ ते १६ जुलै

जमिनीचे आणि शॉवरच्या कोपऱ्याचे सांधे. जुनं ग्राउट कोरून काढलं तर जमिनीवर दाराजवळ दोन सांध्यांत ग्राउट नव्हतंच, नुसती घाण भरलेली होती. बेडरूमच्या पोपड्यांची जागा बरोबर त्याच्या मागे. पाणी कुठून जात होतं ते कळलं.

इपॉक्सी ग्राउट घेतलं, ते पाणी जवळजवळ पीतच नाही. पण लावायला किचकट. दोन भाग मिसळले की घट्ट व्हायला लागतं आणि गरम हवेत तर अजूनच भराभर, म्हणून थोडं थोडं कालवायचं, एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मागोमाग ओल्या स्पंजने टाइल पुसत यायचं. मिस्त्रीने पहिला डाव मोठा कालवला, निम्मा डब्यातच दगड झाला. जमिनीच्या खरखरीत टाइलवर धुरकट थर राहिलाय, वेळेत पुसला नाही तर तो असाच राहतो. या सगळ्या कामात सर्वात जास्त पैसे इथेच गेले, आणि त्यातही सामानापेक्षा मजुरी जास्त. म्हणून रोज भिजणारा भागच केला, वरच्या कोरड्या भिंतींचं सिमेंट ग्राउट तसंच ठेवलं.

२७ जुलै

सिलिंग हाताला कोरडं लागतंय. पेंटर प्लास्टर उघडं पडल्यापासून मागे लागला होता, त्याला थांबवून ठेवलं होतं. प्रायमर मारून अर्ध्या सिलिंगला बुरशीरोधक रंग आणि अर्ध्याला घरात उरलेला साधा इमल्शन दिला. महागाच्या रंगाने खरंच काही होतं का ते बघायचंय.

१८ ऑगस्ट

सिलिंग स्वच्छ, सांधे स्वच्छ, सिलिकॉन स्वच्छ. पण बेडरूमच्या सामायिक भिंतीचा वरचा पट्टा परत काळा. वायपर, फॅन, टायमर सगळं व्यवस्थित चालू असताना.

दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी पहाटे उठलो तेव्हा भिंतीला हात लावून बघितला तर ती थंडगार आणि ओली, आंघोळ व्हायच्या आधीच. पलीकडे एसी. रात्रभर २१ वर, आणि झोत सरळ त्याच भिंतीवर. २८ अंश आणि ८५ टक्के हवेचा दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो, म्हणजे त्याहून थंड कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच. भिंत रात्रभर बाथरूमच्या बाजूने घामेजत होती आणि आम्ही दोष शॉवरला देत होतो.

एसी २६ वर आणि पंखा चालू, झोताची दिशा फिरवली, रात्री बाथरूमची खिडकी बंद. २६ ला सुरुवातीला घरात कुरकुर झाली, पंख्याबरोबर सवय झाली. दमट हवेत ज्यांच्या बाथरूमला एसीची खोली लागून आहे त्यांनी हे सगळ्यात आधी तपासा, यावर कुठलंही क्लीनर चालणार नाही. एसी कमी करायचा नसेल तर त्या भिंतीला आतून इन्सुलेशनचा बोर्ड लावावा लागेल, ते मी केलं नाही.

५ सप्टेंबर

किरकोळ. ओले टॉवेल बाथरूमबाहेर. पायपुसणं उचलून वाळत घालायचं. शाम्पूच्या बाटल्या कट्ट्यावरून तारेच्या रॅकमध्ये, बाटलीच्या बुडाखाली पाणी साठून तिथेच पहिला काळा गोल उठत होता. ओल शोषणाऱ्या खड्यांचा डबा कोणीतरी आणून ठेवला होता. रोज लिटरभर पाणी उडणाऱ्या खोलीत तो काय करणार, कपाटात ठेवून दिला.

वरचा पट्टा पुसल्यापासून अजून स्वच्छ आहे.

११ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. जूनच्या फोटोंशी एकेक जागा लावून बघितली.

सिलिंगचे दोन्ही अर्धे सारखेच स्वच्छ, साधा कुठला आणि महागाचा कुठला हे ओळखता येत नाही. फक्त गीझरच्या मागे, जिथे फॅनची हवा पोचतच नाही, तिथे ठिपके आहेत, आणि ते बुरशीरोधक रंगाच्या बाजूला. पुढच्या वेळी रंगावर जास्त पैसे घालणार नाही.

सिलिकॉन बेसिनकडे चांगलं, कट्ट्याच्या एका टोकाला बोटभर सुटलंय. गुलाबी थर आठवड्याला येतोच, ब्रशने घासायचा. सप्टेंबरमध्ये पाहुणे होते तेव्हा चार-पाच दिवस वायपर फिरलाच नाही, लगेच शॉवरखालच्या कोपऱ्यात एक करडी रेघ दिसली, पुसली, परत आली नाही.

बेडरूमच्या पोपड्यांवर आज परत प्लास्टिक लावून काढलं. मागून अजून किंचित दमट, जूनपेक्षा खूपच कमी. खार नवीन फुटलेला नाही. भिंतीतलं साठलेलं पाणी निघायला वेळ लागणार, म्हणून पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवलीय. फेब्रुवारीत एकदा प्लास्टिक लावून बघायचं, मागून कोरडं आलं तरच पुट्टी. कट्ट्याचं सुटलेलं सिलिकॉन पण तेव्हाच.